उलट दिशेने फेरी मारण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
सार्वजनिक उद्यान व व्यायामपट्टा कार्यालय,
(मुख्य फाटकाच्या आतली, पंखा बंद असलेली खोली)

विषय : व्यायामपट्ट्यावर रोज सकाळी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चालू देणेबाबत.

संदर्भ : १) मुख्य फाटकावरील हिरवा फलक, 'सर्वांनी घड्याळाच्या दिशेनेच चालावे.'
२) त्याच फलकाखालचा लहान फलक, 'शेजारी-शेजारी चालून वाट अडवू नये, एकामागे एक चालावे.'
३) पहारेकऱ्याची शिट्टी, वेळोवेळी.

महोदय,

अर्जदार हा मुख्य लिपिक या पदावरून निवृत्त झालेला इसम असून त्याचे सारे आयुष्य इतरांचे अर्ज तपासण्यात गेले आहे. 'मी'ने सुरू होणारा अर्ज त्याने कधी पुढच्या टेबलावर जाऊ दिला नाही. सबब या अर्जातही तो स्वतःला अर्जदारच म्हणणार आहे. महोदयांना ते जड वाटल्यास नाइलाज आहे.

१. अर्जदारास साखरेचा विकार आहे. अर्जदाराच्या धाकट्या भावासही आहे. सदर भाऊ निवृत्त बसचालक असून यापुढे त्याचा उल्लेख 'धाकटा' असाच केला जाईल, कारण तो त्याच लायकीचा आहे. दोघांचे डॉक्टर एकच. डॉक्टरांनी दोघांना एकच उपदेश केला : रोज सकाळी भरभर चाला, ताटात निम्म्याहून अधिक भाजी घ्या, मीठ बेताचे, तळलेले नको, गोड तर नकोच, रात्री लवकर जेवा आणि लवकर झोपा. या उपदेशाबद्दल अर्जदाराचे काहीही म्हणणे नाही. अर्जदाराच्या पत्नीने त्याच आठवड्यात घरातली मोठी ताटे माळ्यावर टाकली व लहान ताटल्या काढल्या, त्याबद्दलही नाही. अर्जदाराची तक्रार असलीच तर काकडीबद्दल आहे. कुठलीही वस्तू सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि मधल्या वेळेला खायला मिळू लागली की माणसाचा चांगुलपणावरचा विश्वास उडतो. पण काकडी महोदयांच्या अखत्यारीत येत नसल्याने तो मुद्दा इथेच सोडण्यात येत आहे.

२. अर्जदार व धाकटा सुरुवातीला एकत्रच चालत असत. पुढे ते का थांबले, हे सांगितल्याखेरीज अर्जाचा हेतू ध्यानात येणार नाही. झाले असे की तपासणीच्या दिवशी दोघे भाऊ व दोघी जावा असे चौघे दवाखान्यात बसलेले असताना डॉक्टरांनी अर्जदाराचे कौतुक केले आणि धाकट्याला म्हणाले, जरा थोरल्यांकडून शिका. धाकट्याच्या जिभेला ब्रेक कधीच नव्हता. तो लगेच म्हणाला, "डॉक्टर, दादाला विचारा, चपलांच्या कपाटात जुन्या बुटांच्या खोक्यात काय ठेवलंय."

त्या खोक्यात मलईची बिस्किटे होती. अर्जदाराच्या पत्नीने अर्जदाराकडे पाहिले. ती नजर अर्जदार इथे वर्णन करू इच्छित नाही. मग अर्जदारानेही लोकहितास्तव डॉक्टरांना कळवले की उद्यानाच्या मागच्या बेकरीत खिडकीजवळची खुर्ची फेरीनंतर रोज कोणासाठी राखून ठेवलेली असते आणि तिथे बशीत काय येते. यावर भावजयीने धाकट्याकडे पाहिले. डॉक्टर पेन खाली ठेवून पोट धरधरून हसले, जे त्यांच्या पेशाला शोभणारे नव्हते.

रस्त्यावर आल्यावर धाकटा म्हणाला की आजपासून त्याला थोरला भाऊ नाही. अर्जदार म्हणाला की आपल्याला धाकटा भाऊ कधी नव्हताच. हे विधान वस्तुस्थितीला धरून नव्हते, पण बोलून गेले. दोघी जावा मागून एकच भाजीची पिशवी दोन्हीकडून धरून चालत होत्या. त्यांनी मध्ये पडायचे मनावर घेतले नाही. त्यांच्यात आजही उत्तम चालले आहे.

३. दुसऱ्या दिवशी दोघेही ठरल्या वेळी फाटकाशी हजर झाले, कारण साखर काही भांडली नव्हती. धाकटा उजवीकडे वळला, म्हणून अर्जदार डावीकडे वळला. महोदयांना आपला पट्टा ठाऊक असेलच : लांबट गोल, एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी, मधोमध झाडी. दोन माणसे फाटकापासून एकाच वेळी उलट दिशांना निघाली की टाकीशी समोरासमोर येतात आणि पुन्हा फाटकाशी येतात. म्हणजे दर फेरीला दोन भेटी. या भेटींत कोणी कोणाशी एक अक्षर बोलत नसे. दोघेही समोरून येत आणि आकाशात काहीतरी महत्त्वाचे चालले आहे अशा थाटात वर बघत निघून जात.

परंतु महोदय, याचे फायदे पाहा. टाकी दिसू लागली की अर्जदार पोट आत घेई, मान ताठ करी आणि हात झोकात हलवत असा काही चाले की पाहणाऱ्याला वाटावे हा पदक आणायला निघाला आहे. धाकटा मागे गेला की अर्जदार पोट सोडून देई, आणि फाटक जवळ आले की पुन्हा आत घेई. धाकटाही हेच करत असला पाहिजे, कारण टाकीच्या अलीकडे त्याचे पोट वेगळे असे आणि पलीकडे वेगळे. अर्जदाराने मागे वळून खात्री केली आहे. परिणामी दोघांची साखर उतरली, कंबर उतरली, आणि डॉक्टर विचारू लागले की हे थोडे जोरात, थोडे सावकाश असे चालायचे शिक्षण कोणत्या व्यायामशाळेत घेतलेत. अर्जदाराने उत्तर टाळले.

आणखी एक फायदा होता, तो अर्जात लिहिण्यासारखा नाही, पण लिहितो आहे. समोरून आलेला माणूस दिसतो. धाकट्याने दाढी केलेली नसली की अर्जदाराला कळे, रात्री झोप लागलेली नाही. उजव्या पायावर भार टाकून चालत असला की डावा गुडघा बोलतो आहे. एकदा तो टाकीशी आलाच नाही. अर्जदार तिथे बुटाची नाडी सोडत आणि बांधत, बांधत आणि सोडत उभा राहिला. मागून येणाऱ्या एका बाईंनी काळजीने विचारले, कमरेत उसण भरली का म्हणून. अखेर धाकटा पाण्याची बाटली घेऊन झाडामागून आला, तेव्हा अर्जदार आकाशाकडे बघत पुढे निघाला. हे असे चालले होते आणि छान चालले होते.

४. अशा वेळी महोदयांनी हिरवा फलक लावला.

सर्वांनी एकाच दिशेने चालायचे म्हटल्यावर पहिल्या दिवशी फाटकाशी पेच पडला. अर्जदार पुढे निघाला तर धाकट्याला अर्जदाराची पाठ दिसणार, आणि पाठीला पोटासारखे आत घेता येत नाही. अर्जदार मागे राहिला तर थोरला भाऊ धाकट्याच्या मागे-मागे फिरतो असे दिसणार, आणि ते तर मुळीच चालायचे नाही. एवढ्यात धाकटाच चालू लागला. त्या दिवसापासून तो रोज अर्जदाराच्या नाकासमोरून, पाठ दाखवून, आधी निघतो. हा उर्मटपणा पाहून अर्जदार फाटकाशी थांबतो आणि तो टाकीशी पोहोचला असेल असा अंदाज घेऊन मगच निघतो. म्हणजे एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मध्ये झाडी. सगळा पट्टा पालथा घातला तरी भाऊ दिसत नाही, आणि तो आहे मात्र त्याच पट्ट्यावर.

अर्जदाराने विचार केला की आपण सावकाश चालावे, म्हणजे धाकटा मागून येऊन आपल्याला ओलांडेल आणि ओलांडताना तरी दिसेल. म्हणून अर्जदार सावकाश चालू लागला. धाकटा आला नाही. अर्जदार आणखी सावकाश चालू लागला. तरीही आला नाही. आता अर्जदाराला काठी टेकत जाणाऱ्या आजीबाई ओलांडतात. बाळाची गाडी ढकलणारी कोणाची तरी सून ओलांडते, आणि गाडीतले बाळ वळून बघत राहते. ज्या धाकट्याने नोकरीत असताना रस्त्यावर कोणाला पुढे जाऊ दिले नाही, तो मागून का येत नाही, या चिंतेत अर्जदाराची साखर पुन्हा चढली आहे. डॉक्टर म्हणाले, चालता की फिरायला जाता? पत्नीने काकडीचे प्रमाण वाढवले आहे.

महोदय विचारतील, घरी विचारा. घरी विचारता येत नाही. धाकट्याचे नाव या घरात काढायचे नाही, असा नियम अर्जदाराने स्वतःच केला आणि जेवणाच्या टेबलावर जाहीर केला. पत्नी तो इतक्या कसोशीने पाळते की संशय यावा. ती जावेशी रोज फोनवर बोलते. अर्जदार वर्तमानपत्र पुढे धरून ऐकतो. पत्नी म्हणते, हो का, बरं, बरं, अगंबाई, आणि फोन ठेवून भाजी चिरायला जाते. त्या अगंबाईत काय होते, हे विचारायची सोय नाही. मागच्या आठवड्यात दोन अगंबाई झाल्या. अर्जदार त्या रात्री नीट जेवला नाही, आणि पत्नीने त्याबद्दल त्याचे कौतुक केले.

५. दरम्यान अर्जदाराने नियमांच्या चौकटीत राहून पुढील प्रयत्न केले. त्यांची माहिती पहारेकऱ्याने महोदयांना चुकीच्या रीतीने दिली असण्याची शक्यता असल्याने खुलासा करणे आवश्यक आहे.

(अ) फलकावर चालण्याची दिशा दिलेली आहे, तोंडाची दिलेली नाही. सबब अर्जदार एके सकाळी ठरलेल्या दिशेनेच, परंतु तोंड मागे करून, उलट्या पावलांनी चालला, जेणेकरून मागून येणारा धाकटा दिसावा. वळणावर हास्यमंडळ जमले होते आणि त्यांच्या अध्यक्षबाई दोन्ही हात वर करून तिसऱ्या हास्याच्या मध्यावर होत्या. अर्जदार पाठमोरा त्यांच्यावर जाऊन आदळला आणि दोघेही शेवंतीच्या वाफ्यात बसले. मंडळींना वाटले हा आजचा नवा प्रकार आहे. ती इतकी मनापासून हसली की अध्यक्षबाईंनी नंतर अर्जदाराला रोज येण्याची विनंती केली. पहारेकरी शिट्टी वाजवत आला आणि म्हणाला, "आजोबा, पाय जिकडे, तोंड तिकडे." असा नियम कुठे लिहिला आहे, हे तो दाखवू शकला नाही.

(ब) त्यानंतर अर्जदाराने पत्नीचा हातआरसा डोळ्यांसमोर धरून मागचे पाहत चालण्याचा प्रयत्न केला. बसमध्ये असाच आरसा लावून धाकट्याने शहरभर माणसे पोहोचवली, त्याला कोणी नावे ठेवली नाहीत. अर्जदाराबद्दल मात्र म्हातारा या वयात केस बघत फिरतो, अशी चर्चा बाकावर सुरू झाली. ती पत्नीपर्यंत पोहोचली. अर्जदाराच्या डोक्यावर केस नाहीत, एवढे नमूद करणे पुरेसे आहे.

(क) शेवटी अर्जदार कुठेही न जाणाऱ्या त्या लोखंडी सायकलवर जाऊन बसला, कारण तिथून झाडीच्या फटीतून अर्धा पट्टा दिसतो. बराच वेळ बसून राहिल्याने मागे रांग लागली. रांगेतल्या एका गृहस्थांनी पायडल मारणार नसाल तर उतरा, असे सुनावले. अर्जदाराने पायडल मारले, तेव्हा पोटरीत गोळा आला आणि त्याला दोघांनी धरून उतरवले. नेमके त्याच क्षणी फटीतून एक निळी टोपी सरकत गेल्यासारखी वाटली. धाकट्याची टोपी निळी आहे. पण नक्की सांगता येत नाही.

अर्जदारास धाकट्याची आठवण येते. हे वाक्य अर्जदार खोडणार होता, परंतु खाडाखोड केलेला अर्ज ग्राह्य धरत नाहीत, म्हणून राहू देतो.

६. सबब विनंती अशी की, अर्जदारास रोज सकाळी एकट्यापुरती उलट दिशेने चालण्याची लेखी परवानगी द्यावी. समोरून येणाऱ्यांना अर्जदार वाट देईल, हवे असल्यास लाल पट्टा गळ्यात घालेल, आणि हास्यमंडळाजवळून जाताना थांबून जाईल. मंजुरी न मिळाल्यास अर्जदार घरी बसेल, काकडी खाईल आणि त्याच्या प्रकृतीची सर्वस्वी जबाबदारी आपल्या कार्यालयावर राहील.

७. वरील मजकूर लिहून झाल्यावर अर्जदाराच्या ध्यानात आले की संदर्भात फलकाचा उल्लेख आहे, पण ज्या आदेशाने फलक लागला त्या आदेशाचा नाही. असा अर्ज अर्जदाराने स्वतः माघारी पाठवला असता. म्हणून तो आज सकाळी पहारेकऱ्याच्या खोलीत गेला आणि हा दिव्य आदेश कोणाच्या डोक्यातून निघाला, अशी त्याने विचारणा केली.

पहारेकऱ्याने सांगितले की एका म्हाताऱ्याने अर्ज दिला होता. कोणत्या म्हाताऱ्याने, असे विचारता तो म्हणाला, तुमच्याच भावाने.

महोदय, धाकट्याने आयुष्यात एकही अर्ज स्वतः लिहिलेला नाही. त्याच्या रजेचे अर्ज, बदलीचे अर्ज, लेकीच्या लग्नासाठी सभागृह मागितल्याचा अर्ज, सगळे अर्जदाराने लिहिलेले आहेत. तो फक्त शेवटी सही करी, तीही वाकडी. यावेळी अर्ज लिहून द्यायला भाऊ उरला नव्हता, म्हणून त्याने स्वतः लिहिला. त्यात ना विषय होता ना संदर्भ. कोणाला त्यातले काही कळेना, म्हणून आपण त्याला समोर बसवून तोंडीच विचारलेत, असे पहारेकरी सांगतो. तरीही आपण तो मंजूर केलात, यावरून आपल्या कार्यालयात अर्ज कसे तपासले जातात ते कळले.

धाकटा त्यावेळी आपल्यासमोर जे बोलला ते पहारेकऱ्याने दारात उभे राहून ऐकले होते. ते आपल्याला माहीत आहेच, पण आजवर अर्जदाराला कोणी सांगितले नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो : "समोरून आलो की दादा तोंड फिरवतो, साहेब. सगळे एकाच दिशेने चालले तर मी पुढे निघेन. कोणी पुढे गेलेलं त्याला खपत नाही, मागून येऊन गाठेलच मला."

म्हणून तो रोज आधी निघत होता. अर्जदाराने गाठावे म्हणून तो सावकाश चालू लागला. अर्जदार येईना, म्हणून आणखी सावकाश. पहारेकरी म्हणाला, तुम्ही दोघे त्या दोन टोकांना असे सरपटत होतात की झाडांना पाणी सोडायची आमची वेळ टळून जायची. हे आधी का सांगितले नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, तुम्ही कधी विचारलंत का, माझ्याशी नुसते भांडत होतात.

८. अर्जदार तिथून निघाला तो घड्याळाच्या दिशेनेच निघाला. पोट आत घेण्याचे भान राहिले नाही. आजीबाईंना ओलांडले, बाळाच्या गाडीला ओलांडले. अध्यक्षबाईंनी हात करून बोलावले, तिकडे बघितलेही नाही. दम इतका लागला की डॉक्टरांनी पाहिले असते तर धन्य झाले असते. टाकीशी निळी टोपी दिसली. धाकटा एकेक पाऊल मोजूनमापून टाकत चालला होता, आणि डाव्या गुडघ्याला पट्टा बांधलेला होता. ती एक अगंबाई असणार.

अर्जदार त्याच्या मागे पोहोचला. हाक मारायला दम उरला नव्हता. धाकट्याने मागे वळूनही पाहिले नाही. चालता चालता म्हणाला, "किती उशीर केलास, दादा."

अर्जदार त्याच्या डाव्या बाजूला आला. दोघे चालू लागले. गुडघा दुखत असल्याने धाकटा सावकाश आणि त्याच्यासाठी अर्जदार सावकाश, असे दोघे शेजारी-शेजारी फाटकापर्यंत आले, आणि फाटकाशी पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली. त्याने लहान फलकाकडे बोट दाखवले.

धाकट्याने तो फलक मोठ्याने वाचून काढला. मग म्हणाला, दादा, अर्ज कर.

९. सबब हा अर्ज फिरून लिहिण्यास वेळ नसल्याने आहे तसाच सादर करण्यात येत आहे. परिच्छेद ६ मधील विनंती आणि वर लिहिलेला विषय दोन्ही रद्द समजावेत. हिरव्या फलकाबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही, तो राहू द्यावा. मात्र लहान फलकावरील नियम आम्हा दोघांपुरता शिथिल करून आम्हास शेजारी-शेजारी चालू द्यावे. धाकट्याचा दुखरा गुडघा डावा आहे, म्हणून अर्जदार त्याच्या डाव्या बाजूला चालेल. मागून कोणी घाईने आल्यास आम्ही एकामागे एक होऊ, पण तो गेल्यावर पुन्हा शेजारी येऊ. कोणी कोणाच्या पुढे राहायचे हे आमच्यात ठरलेले नाही आणि ठरवायचेही नाही.

डॉक्टरांना आम्ही दोघे एकत्रच भेटणार आहोत. बेकरी आम्ही बंद केली आहे. निदान खिडकीजवळची खुर्ची तरी सोडली आहे.

एवढे मान्य व्हावे, आणि उद्या सकाळच्या आत व्हावे.

आपले नम्र,

(सही) अर्जदार
(वाकडी सही) धाकटा

दिनांक : आजचाच

सोबत : धाकट्याच्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांची चिठ्ठी. (भावजयीकडून घेऊन उद्या देऊ.)

प्रत माहितीसाठी :
१) दोघी जावा. त्यांना सगळे आधीच माहीत असल्यास प्रत परत करावी.
२) डॉक्टर, परिच्छेद २ आणि बेकरीचे वाक्य वगळून.
३) पहारेकरी. शिट्टी वाजवण्यापूर्वी वाचावी.